वाळवीवर आळ

१

एकतीस वर्षं मी वाळवी मारायचा धंदा करतोय. चौकटी, जिने, कपाटं, पाळणे, तिनं खाल्लेलं सगळं पाहून झालंय. एकदा तर एका वकिलाची खुर्ची त्याच्यासकट खाली आली होती. वाळवीवर माझं प्रेम नाही. ती माझं पोट भरते आणि मी तिचा जीव घेतो, एवढंच आमचं नातं. पण तिनं न केलेला गुन्हा कुणी तिच्या माथी मारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काहीही हरवलं, विकलं, दडवलं की लोक बिनदिक्कत सांगून मोकळे होतात, वाळवी लागली म्हणून. तिला ना तोंड, ना कुणी वाली.

मंगळवारी सकाळी फोन आला. बाईमाणसाचा आवाज, दबका.

"वाळवीवाले काका ना? जरा येता का? आत्ताच."

"किती लागलीय? दारं, खिडक्या?"

"औषध मारायचं नाहीये, काका. वाळवी कशी लागली तेवढंच बघायचंय. घरात सगळे म्हणतात, माझ्यामुळे लागली."

पत्ता ऐकला आणि मी हातातला चहा तसाच ठेवला. ते नर्सबाईंचं घर होतं. सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या नर्सबाई. आमच्या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, माझी थोरली मुलगीसुद्धा. फोन करणारी त्यांची सून होती.

दारातच तिनं मला थांबवलं. डोळे सुजलेले होते.

"आईंच्या वह्या होत्या," ती म्हणाली. "चौदा. प्रत्येक बाळंतपणाची नोंद. अलीकडे आईंना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. रोज दुपारी वही उघडून दोन पानं वाचायच्या, मग चेहरा कसा ताजा व्हायचा. महिन्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालं. शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाचायचं नाही. पेटी बंद होती. परवा उघडली, तर आत नुसती माती आणि भुगा."

"आणि तुमच्यामुळे कशी?"

"मीच म्हणाले होते ना एकदा, ही पेटी माळ्यावर टाकू या म्हणून. शिवाय मागच्या भिंतीला खोकी रचली होती. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाहीयेत. हे तर म्हणतात, थोडे दिवस माहेरी जा."

वाळवीनं कागद खाल्ले म्हणून सुनेला माहेरी धाडायची! मी काहीतरी वाईट बोलणार होतो, ते गिळलं आणि पेटीकडे गेलो.

२

पेटी जुन्या सागवानाची, मधल्या खोलीत ठेवलेली. खाली चार विटा. पाठ भिंतीपासून वीतभर लांब.

"विटा कुणी लावल्या?"

"मी. फरशी रोज पुसते, लाकडाला पाणी लागायला नको म्हणून."

हीच ती निष्काळजी सून. मी जमिनीला नाक लावून पालथा पडलो. वाळवी उघड्यावरून चालत नाही. उजेड आणि वारा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीची बोळकंडी बांधत बांधत येते. भिंतीवर मातीची रेघ दिसते ती हीच. इथे भिंत कोरी होती. विटा कोऱ्या. पेटीचा तळ मी पेचकसाने वाजवून पाहिला, खणखणीत. सुई जाईल एवढंही भोक नव्हतं.

"वहिनी, वाळवी या पेटीत शिरलीच कुठून?"

"म्हणजे?"

"म्हणजे झाकण उघडून, असं म्हणायची पाळी आलीय."

झाकण वर केलं. आत कागदाचा भुगा आणि मातीचे पापुद्रे. चिमटीत घेतले तर कोरडे ठक्क. एकही जिवंत वाळवी नाही. भुग्यात बोटं फिरवली तेव्हा काहीतरी टोचलं. गंजलेल्या टाचण्या. एक, दोन, पुढे ओंजळभर. मी त्या रुमालात बांधून घेतल्या.

मग खिडकीपाशी जाऊन मातीचा पापुद्रा उजेडात धरला. तो लाल होता. बाहेर अंगणात जाऊन मूठभर माती उकरली. ती काळी कुळकुळीत होती. वाळवी घराखालचीच माती वर आणते, दुसऱ्याच्या अंगणातून उसनी आणत नाही.

सून माझ्या मागे उभी होती. मी तिला म्हटलं, "वहिनी, या पेटीत वाळवी कधी आलीच नाही. दुसरीकडचा खाल्लेला ढीग इथे आणून कुणीतरी ओतलाय, आणि वह्या उचलून नेल्यात."

तिनं दाराची चौकट धरली.

"म्हणजे वह्या आहेत? कुठेतरी आहेत?"

३

नर्सबाईंचा मुलगा संध्याकाळी आला. वीजमीटरचं रीडिंग घेत दिवसभर उन्हात फिरतो, त्यामुळे डोकं तापलेलंच असतं. माझी पिशवी बघून म्हणाला, "आता काय उपयोग? व्हायचं ते झालं. हिला शंभरदा सांगितलं होतं, खोकी ठेवू नको म्हणून."

"खोकी बाहेरच्या भिंतीला. पेटी मधल्या खोलीत. वाळवी काय उडी मारून गेली?"

"तुम्ही तिची बाजू घ्यायला आलाय का?"

"वाळवीची घ्यायला आलोय. या महिन्यात घर रिकामं कधी होतं?"

तो चिडलेला होता, पण प्रामाणिक होता. आठवून म्हणाला, "ऑपरेशनच्या दिवशी. आम्ही तिघं सकाळपासून रात्रीपर्यंत हॉस्पिटलात. एरवी ही घर सोडत नाही."

"किल्ली?"

"शेजारी, डॉक्टरांकडे. कायम त्यांच्याकडेच असते. आणि आठवड्यापूर्वी हिनं भंगारवाल्याला बोलावलं होतं, त्याचं बघा आधी!"

सून फटकन म्हणाली, "रद्दी मी दारातच दिली. तो उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नाही."

भंगारवाला मला पटत नव्हताच. त्यानं वह्या नेल्या असत्या तर पेटी रिकामी ठेवली असती. खाल्लेला ढीग आणून ओतायचा उपद्व्याप तो कशाला करील? ज्याला चोरी झाल्याचं कळायलाच नको होतं, त्याचं हे काम.

डॉक्टरांचा विचार मात्र मी केला नाही. खरं सांगतो, तो मनात आला आणि मीच त्याला हुसकावलं. ते नर्सबाईंच्याच दवाखान्यातले मोठे डॉक्टर. चोवीस वर्षांपूर्वी थोरलीच्या वेळी माझी बायको तिथे मरता मरता वाचली. सकाळी डॉक्टर बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाचवलं रे तिला." तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या घराला मी आपणहून औषध मारतो आणि त्यांच्या पाया पडून येतो. दोन महिन्यांपूर्वीच मारून आलो होतो.

त्यांना भेटायला गेलो ते फक्त विचारायला, त्या दिवशी कुणी परकं दिसलं का म्हणून. ते मागच्या बाजूला गुलाबांत उभे होते. सत्तरीपार, ताठ, इस्त्रीचा सदरा. मी पंचावन्नचा झालो तरी त्यांच्या तोंडी मी अजून 'अरे'च.

"काय रे, नर्सच्या वह्यांचं कळलं ना? फार वाईट झालं. शनिवारी नव्या प्रसूती विभागाचं उद्घाटन. माझं पुस्तक निघतंय, 'माझे चार हजार पाळणे'. हॉस्पिटलवाल्यांना तिच्या वह्या शेजारी काचेत मांडायच्या होत्या. आता काय मांडणार?"

"त्या दिवशी कुणी आलं होतं का हो त्यांच्याकडे?"

"कुणी नाही. मी इथेच होतो. अरे, यात शोधायचं काय? तूच म्हणाला होतास ना, ओल मिळाली तर महिन्याभरात वह्यांचा भुगा होतो?"

म्हणालो होतो. दोन महिन्यांपूर्वी पंप खांद्याला लावताना त्यांनी सहज विचारलं होतं आणि मी फुशारकीनं सांगितलं होतं. आणि हेही आठवलं, की मागची अडगळीची खोली त्यांनी उघडू दिली नव्हती. "तिथे जुने केसपेपर आहेत, ते राहू दे, मग बघू."

मी नमस्कार केला. खाली वाकलो तेव्हा त्यांच्या चपला दिसल्या. गुलाबांसाठी बाहेरून मागवून अडगळीच्या खोलीच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या मातीनं त्या भरल्या होत्या. माती लाल होती.

४

लाल माती काय, जगात कुठेही असते. मी रात्रभर स्वतःला तेच समजावत होतो. देवमाणूस आपल्या मनातून उतरायला लागला की पहिली फसवणूक आपणच आपली करतो. सकाळी उठून पुन्हा नर्सबाईंकडे गेलो. एकच गोष्ट विचारायची राहिली होती.

त्या खिडकीत बसल्या होत्या, हात मांडीवर, काळा चष्मा. सुनेनं शेजारी ठेवलेला चहा गार झाला होता.

"कोण?"

"वाळवीवाला, बाई."

"आता कशाला आलात? माझं डोकं होतं त्या वह्यांत. हे वरचं," त्यांनी कपाळाला बोट लावलं, "हे कधीच रिकामं झालंय. वह्या होत्या म्हणून मी होते."

मी विचारलं, "बाई, वह्यांना टाचण्या होत्या का?"

"टाचण्या?" त्या एकदम ताठ झाल्या. सकाळचं न आठवणारी बाई तीस वर्षांपूर्वीचं कालचं असल्यासारखं बोलायला लागली. "टाचणीला गंज चढतो. माझ्या हाताखाली गंजकी वस्तू कधी राहिली नाही. दवाखान्यातले कोरे कागद मी स्वतः शिवायची. टाके घालायच्या काळ्या रेशमाचे तुकडे उरत ना, त्यानं. एकेका वहीला सात टाके. माणसाला घालायची तसेच, प्रत्येकाला वेगळी गाठ. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात."

सून दारात थबकली. मी रुमाल सोडून टाचण्या तिच्या हातावर ठेवल्या.

"वहिनी, वाळवी कागद खाते, पुठ्ठा खाते, सुती दोरा खाते. रेशीम ती खात नाही. फार तर कुरतडून बाजूला टाकते. चौदा वह्या, प्रत्येकीला सात टाके, म्हणजे अठ्ठ्याण्णव गाठी. त्या ढिगात काळ्या रेशमाचा धागा नाही, मिळाल्या त्या टाचण्या. हा ढीग बाईंच्या वह्यांचा नाहीच. केसपेपरचा आहे. आणि ज्यानं तो ओतला त्याला वह्या रेशमानं शिवल्यात हे ठाऊक नव्हतं."

"पण कुणाला ठाऊक नसणार?" सून म्हणाली. "आई सगळ्यांदेखत शिवायच्या. दवाखान्यातल्या आया, झाडूवाल्या, सगळ्यांना माहीत होतं."

"बाई, वह्यांत काय काय लिहायचात?"

"तारीख. आईचं नाव. वजन. टाके किती. आणि शेवटी एक रकाना." त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "डॉक्टर आले की नाही."

५

आता राग आवरणं कठीण होतं. पण माती आणि टाचण्या घेऊन अशा माणसाच्या दारात जाऊन काय होणार? ते हसले असते. समाजात त्यांचा शब्द मोठा, माझ्या हातात पंप. झडती घ्यायला मी काही पोलीस नाही. वह्या त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढायला हव्या होत्या.

त्यांनी वह्या जाळल्या नसणार याची मला खात्री होती. पुस्तकात तारखा, वजनं, नावं कुठून आणली असतील? स्वतः तिथे असते तर आठवली असती. ती या वह्यांतूनच घेतली असणार, आणि पुढे कुणी विचारलं तर ताडून बघायलाही त्याच लागणार.

त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा वाळवीबद्दल खोटं बोललो.

"डॉक्टरसाहेब, जरा सांभाळून असा. बाईंच्या पेटीत अंडी सापडली. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या पेटीतली एखादी वस्तू जरी दुसऱ्या घरी गेली, तरी आठ दिवसांत तिथलं सगळं खलास. कागद, कपडे, सगळं."

"लोखंडी कपाटातलंही?" ते पटकन म्हणाले. मग सावरून, "म्हणजे आपलं, माहिती असावी म्हणून."

"कपाट कसलंही असो. वस्तूबरोबरच आत जातात ना ती."

"मग औषध?"

"औषधानं शाई उडते. उपाय एकच, दुपारचं कडक ऊन. पान न् पान उघडून दोन तास. उद्या ऊन चांगलं आहे म्हणतात."

ते गुलाबाकडे बघत होते. वाळलेलं पान सोडून त्यांनी चांगली कळी खुडली.

६

दुसऱ्या दिवशी साडेबाराला मी, सून आणि मुलगा नर्सबाईंच्या गच्चीत उभे होतो. डॉक्टरांच्या गच्चीचा कठडा उंच. पलीकडचं बघायचं तर पाण्याच्या टाकीवर चढायला हवं.

"तुम्ही चढा," मी मुलाला म्हटलं. "आळ तुम्ही घेतलाय."

तो कुरकुरत शिडी चढला. वर जाऊन कठड्यापलीकडे वाकला.

"काय दिसतंय?" सुनेनं विचारलं.

तो बोटानं काहीतरी मोजत होता.

"अहो, काय दिसतंय?"

"वह्या," तो म्हणाला. "उघड्या टाकल्यात, ओळीनं. चौदा आहेत." मग तो खाली उतरला आणि बायकोसमोर उभा राहिला. "माझं चुकलं," एवढंच म्हणाला. तिनं मान फिरवली. माझ्या मते बरोबर केलं तिनं.

नर्सबाईंना घेऊन आम्ही चौघं डॉक्टरांच्या दारात गेलो. मुलगा त्यांना न विचारता सरळ गच्चीत गेला आणि वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून खाली आला.

डॉक्टरांचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "मी जपून ठेवल्या होत्या. हिला आता काही आठवत नाही. कुणाच्याही हाती लागल्या असत्या."

"म्हणून पेटीत केसपेपरचा भुगा ओतलात?" मी म्हणालो. "बाईंना पाच दिवस रडवलंत, सुनेला घराबाहेर काढायची वेळ आणलीत, आणि नाव कुणाचं? तर वाळवीचं!"

"तू तोंड सांभाळून बोल. तुझ्या बायकोला वाचवलंय मी."

नर्सबाईंनी हात वर केला. त्यांनी मुलाच्या हातातली एक वही चाचपडत घेतली आणि तिच्या कण्यावरून अंगठा फिरवला.

"डॉक्टर, ही कशानं शिवलीय?"

त्यांनी पाहिलं. "दोऱ्यानं."

"कुठल्या?"

त्यांना सांगता येईना.

"तुमच्या दवाखान्यातला टाक्याचा रेशमी धागा आहे हा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सव्वीस वर्षं तुमच्या टेबलावर होता. तुम्ही टाके घातले असते तर ओळखला असतात."

७

वह्या शनिवारी काचेत मांडल्या गेल्या. सुनेनं स्वतः नेऊन मांडल्या आणि शेवटचा रकाना दिसेल अशाच उघड्या ठेवल्या. डॉक्टरांचं पुस्तक निघालं नाही. तब्येत बरी नाही, असं कुणीतरी माइकवर सांगितलं.

त्याआधी शुक्रवारी सूनबाईंनी मला बोलावलं. नर्सबाई खिडकीत बसल्या होत्या, चहाचा कप हातात, आणि चहा गरम होता. सून सहावी वही घेऊन बसली होती.

"काका, आईंनी विचारलं, वाळवीवाल्यांच्या मुलीची तारीख कुठली? मी शोधली."

तिनं वाचलं. माझ्या बायकोचं नाव. मुलगी, अडीच किलो. रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांना निरोप दोनदा. टाके अकरा. पहाटेपर्यंत मी पोटावर हात दाबून बसले. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, आले नाहीत. त्याखाली बारीक अक्षरात, सकाळी आठला आले.

चोवीस वर्षं मी चुकीच्या पायांवर डोकं ठेवत होतो. नर्सबाईंच्या पायाशी वाकलो तर त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि विचारलं, "कोण तुम्ही? मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे, बाई," मी म्हणालो. "अगदी बरी आहे."

डॉक्टरांचा निरोप तीनदा येऊन गेला. मागच्या खोलीतली वाळवी भिंत फोडून बाहेर आलीय, दाराची चौकट पोखरलीय, ताबडतोब ये म्हणून. तिसऱ्यांदा मी निरोप आणणाऱ्याला बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, येणार नाही. त्या बिचारीवर खोटा आळ घेतलाय त्यांनी. आता खरंच खाऊ दे तिला.